काळ्या धाग्याचे ब्लॉक

मेण नीट वितळलंय की नुसतंच मऊ झालंय, हे कमळामावशी वासावरून सांगायच्या. ओव्हनचा काटा साठवर असला तरी त्या दार उघडून नाक पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "अजून न्हाय. काटा खोटा हाय." मी नुकतीच एम.एस्सी. झालेली. पहिल्याच आठवड्यात आत थर्मामीटर घालून बघितलं. काटा साठ, थर्मामीटर चोपन्न. मी गुपचूप थर्मामीटर खिशात टाकला.

"काय निघाला?" मावशींनी मागे न वळता विचारलं.

"चोपन्न."

"मंग. शिकलेल्या मानसाला दोनदा बगाया लागतं."

हे २००७ साल. भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, तळमजल्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी दीड वर्षासाठी प्रोजेक्टवर होते. ऑपरेशनमध्ये माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा तपासायचा असला की तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात. मेणाचा तो छोटा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याचे पातळ काप घेऊन डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, रिपोर्ट देतात. ब्लॉक मात्र उरतो, वर्षानुवर्षं टिकतो. आमच्या लॅबमध्ये असे हजारो ब्लॉक सुताच्या कोनांच्या, म्हणजे मोठ्या रिळांच्या, रिकाम्या खोक्यांत भरून ठेवले होते. त्यातले क्षयरोगाचे अठ्ठावन्न निवडायचे, त्यांत अडकून बसलेल्या जंतूंचा डीएनए काढायचा आणि कुठल्या ब्लॉकमध्ये क्षयाच्या जंतूचा कुठला प्रकार आहे हे शोधायचं, असं माझं काम. शेवटची तपासणी मुंबईच्या प्रयोगशाळेत व्हायची. तिथे माझे सर होते. इथे माझ्या वरिष्ठ होत्या डॉक्टर मोमीन, लॅबच्या प्रमुख. आणि खोक्यांच्या किल्ल्या होत्या कमळा महादू भोईर यांच्याकडे.

मावशींची नोकरी कागदावर "आया" अशीच होती. जन्म टेमघरचा. बाराव्या वर्षी त्या लूमच्या कारखान्यात कांड्या भरायला, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या काड्यांवर सूत गुंडाळायला लागल्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन शेलारला आल्या. नवरा महादू लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. गावाकडची जमीन दिरांनी विकली, यांच्या वाट्याला घर आलं. चौऱ्याऐंशी साली त्या रुग्णालयात झाडू मारायला लागल्या. लॅबमध्ये तेव्हा दौलतराव नावाचे म्हातारे टेक्निशियन होते. त्यांचा हात थरथरायला लागला तसं त्यांनी मेण ओतायचं काम या झाडूवालीला शिकवलं. पितळेचे दोन एल, म्हणजे काटकोनी तुकडे, जोडून साचा करायचा, तळाशी मांसाचा तुकडा योग्य बाजूने बसवायचा, वरून मेण. ऐकायला सोपं आहे. माझे पहिले चार ब्लॉक मावशींनी परत वितळवले होते.

त्यांची स्वतःची एक पद्धत होती. प्रत्येक ब्लॉकच्या कडेला नंबराची चिठ्ठी असायची, पण शिवाय मेणात बोटभर रंगीत सूतही रुतवलेलं असायचं. कुठे लाल, कुठे हिरवं, कुठे पांढरं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एक घाना, एक रंग. कारखान्यात कोनावर अशीच खून करायचो, कंचा सूत कंच्या गाठीचा ते कलाया. मेनाचा पन तसाच. घाना बिगडला तर कलतं कंचे ब्लॉक परत करायचे."

"आणि काळा?"

"काला असला की बर्फावर जास्त वेल ठेव. भुसभुशीत हाय, कापताना तुटतं."

मी वहीत लिहून घेतलं: काळा धागा, बर्फावर जास्त वेळ. का, ते विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली. मायक्रोटोम या यंत्रावर काप घेणं हाताच्या चाकाने चालू राहतं, पण बाकी सगळं बंद. मावशी डबा उघडून बसल्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. पाणी प्यायला त्यांनी पिशवीतून स्टीलचा तांब्या काढला. तांब्याच्या गळ्याला काळा दोरा बांधलेला.

"नजर लागू नये म्हणून?" मी हसत विचारलं.

"न्हाय. चुकून कोनी पियाला नको म्हनून." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पूर्वाबाय, तुझी ती मशीन सांगंल का, कोनाचा जंतू कोनाला लागला?"

आणि मग त्यांनी सांगितलं. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात त्यांच्या मानेला गाठ आली. इथेच काढली, इथेच तपासली. क्षय निघाला. आठ महिने गोळ्या खाऊन त्या बऱ्या झाल्या. पण मधेच, फेब्रुवारीत, महादूंचं पोट फुगलं. आतड्याचं ऑपरेशन झालं, तुकडा लॅबमध्ये आला. तो तुकडा मेणात बसवला मावशींनीच, कारण बसवणारं दुसरं कोणी नव्हतं. तोही क्षय. महादूंनी गोळ्या मधेच सोडल्या आणि जूनमध्ये ते गेले. मुलगा मनोज तेव्हा सोळा वर्षांचा. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांसमोर तो म्हणाला, पहिला रोग आयला झाला, मग बाबांना. आयनेच दवाखान्यातून आणला.

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून माझा ताट येगला, तांब्या येगला. कोनी सांगितला न्हाय हां, मीच केला. दोरापन मीच बांधला. आता नातू झाला, भाविक. चार वर्साचा हाय. माझ्या ताटात हात घातला तर मनोज त्याला उचलून नेतं."

"पण मावशी, मानेच्या गाठीचा क्षय सहसा पसरत नाही. डॉक्टर मोमीननी सांगितलं असेल."

"दहा येला सांगितला. मनोजला पन सांगितला. तो बोलला, डॉक्टरीनबाय तुझीच हाय, तुझीच बाजू घेनार." त्या भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. "आनि खरा सांगू? मनापन ठाव न्हाय. सहसा पसरत न्हाय बोलतेस तू. सहसा. महादूच्या येलेला काय झाला ता सहसा मधी न्हाय येत ना?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. क्षयाच्या जंतूच्या डीएनएमध्ये एका ठिकाणी त्रेचाळीस ओळखीच्या खुणा असू शकतात. प्रत्येक प्रकारात त्यातल्या काही असतात, काही नसतात. तपासणीच्या पट्टीवर असलेली खूण काळी उमटते, नसलेली कोरी राहते. दोन ब्लॉकांचा नमुना सारखा आला, तर एकाने दुसऱ्याला रोग दिला असं सिद्ध होत नाही, कारण तोच प्रकार गावात शंभर जणांमध्ये असू शकतो. पण नमुना वेगळा आला, तर मात्र एकाचा जंतू दुसऱ्याकडे गेलेला नाही असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

"म्हंजे सुटले तर पक्की सुटले. आनि अडकले तर अर्धी अडकले."

"हो. पण लोक अर्धी म्हणणार नाहीत."

"लोकांचा मी बगीन. माझाच निघाला तरी चालंल. पन निघू दे."

डॉक्टर मोमीननी आधी नकार दिला. अभ्यासातल्या कुठल्याच ब्लॉकचं नाव उघड करायचं नव्हतं, नियमच तसा. मावशी त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "म्याडम, गाठ माझी हाय. नवरा माझा व्हता. दुसऱ्या कोनाचा नाव मी मागतंय का?" डॉक्टरांनी दोन दिवस विचार केला, रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीकडे पत्र पाठवलं, आणि मग दोन संमतीपत्रं भरून घेतली. मावशींनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं.

पहिल्या तपासणीची फिल्म, म्हणजे त्या पट्टीची एक्स-रेसारखी छाप, महिन्याने आली. सरांचा फोन आधी आला. ते खूश होते. "पूर्वा, सात ब्लॉक हुबेहूब सारखे आहेत. सगळे एकाच हिवाळ्यातले. भिवंडीत त्या वर्षी एकच प्रकार पसरत होता! याच्यावर स्वतंत्र पेपर होईल."

मीही खूश झाले, हे कबूल करायला हवं. अंबाडीजवळच्या पाड्यावरून आलेली मुलगी, बापाने लाकडं फोडून शिकवलेली, आणि पहिल्याच प्रोजेक्टमध्ये असं काही सापडतं. मग मी त्या सात नंबरांची यादी बघितली. मावशींच्या गाठीचा नंबर त्यात होता. महादूंच्या आतड्याचा नंबरही.

मी मावशींना बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं. सारखे आले. सिद्ध काही होत नाही, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही. हातातला पितळी एल त्या फडक्याने पुसत होत्या, पुसून झालेलाच.

"बरा," त्या म्हणाल्या. "आज लवकर जाते."

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. मेण लावलं, वास घेतला, बारा ब्लॉक केले. मग माझ्याकडे आल्या. "काल घरी सांगितला. मनोजला बोलले, तू बोललास ता खरा असंल. सारखाच आला."

मी हादरले. "मावशी, कशाला सांगितलंत? मी म्हटलं होतं ना, सिद्ध होत नाही!"

"येगला आला असता तर सांगितलाच असता ना? मंग सारखा आला तर का लपवू?"

"काय म्हणाला तो?"

"काय न्हाय. जेवला न्हाय." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्या मशीनला किती मांस लागतं?"

"मांस महत्त्वाचं नाही. जंतूचे चार तुटके कणसुद्धा पुरतात. मशीन त्या एवढ्याशा डीएनएच्या लाखो प्रती करतं, मग तो दिसतो."

"चार कन?"

"हो. डोळ्याला, सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके."

मला वाटलं, विषय संपला. त्या खोक्यांच्या खोलीत गेल्या. अर्ध्या तासाने हाक आली, "पूर्वाबाय, ते सात नंबर घेऊन ये."

मी एकेक नंबर वाचला, त्यांनी एकेक ब्लॉक काढून खिडकीच्या कट्ट्यावर मांडला. मी फक्त नळ्या आणि नंबर हाताळत आले होते. ब्लॉक एकत्र कधी बघितलेच नव्हते. सातही ब्लॉकांच्या कडेला काळा धागा होता.

"हा भुसभुशीत का हाय ठाव हाय तुला?" मावशींनी एक ब्लॉक बोटांत फिरवला. "जुना मेन हाय. त्या हिवाल्यात नव्या मेनाचा पार्सल दोन-दोन महिना येत नव्हता. लोक रिपोर्टला बसलेले. मी काय केला, ब्लॉक तासताना जो चुरा पडतं ना, तो डब्यात साठवलेला, तो वितलवला, फडक्यातून गालला आनि परत वापरला. चांगला निघतं. फकस्त ठिसूल. म्हनून काला धागा, कापनाऱ्याला कलाया."

मला कळायला एक क्षण लागला. चुऱ्यात मेण होतं, आणि मेणात आधीच्या रोग्यांच्या मांसाचे कण. फडक्यातून मोठे तुकडे अडले असतील. जंतूंचा डीएनए अडला नसणार. कुणातरी एका जंतूंनी भरलेल्या गाठीचा चुरा त्या डब्यात पडला असेल, आणि तो त्या हिवाळ्यातल्या सगळ्या काळ्या धाग्यांच्या ब्लॉकांत गेला असेल. सूक्ष्मदर्शकाखाली बघताना याने काही बिघडलं नव्हतं, एकही रिपोर्ट चुकला नव्हता. माझ्या मशीनला मात्र तेच आधी दिसलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलास का काला धागा का? आनि मना काय ठाव चार कन पुरतं म्हनून." मग आवाज उतरला. "सकालपासून इचार करतंय, बोलू का नको. तुला वाटंल, म्हातारी सोताला सोडवाया बोलते."

मला तसं वाटलं होतं, अगदी क्षणभर. शिवाय मला पेपर दिसत होता, हुबेहूब सात नमुने दिसत होते. मी म्हटलं, "सर विश्वास ठेवणार नाहीत. पुरावा मागतील."

"मंग मेनच तपास ना."

"म्हणजे?"

"ब्लॉकचा कोपरा घे. जिथं मांसच न्हाय, नुसता मेन हाय. मांस न्हाय तर जंतू कशाला असंल? आनि असला तर तो मेनातला."

मी एम.एस्सी.ला कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठी घ्यायच्या कोऱ्या नमुन्यावर, दहा मार्कांचा प्रश्न सोडवला होता. असं मला तेव्हा सुचलं नव्हतं.

डॉक्टर मोमीनना सांगायला मावशी स्वतः गेल्या. मी दारात उभी होते. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कमलाबाई, मैंने मना किया था ना? चुरा फेकून द्यायचा, असं सांगितलं होतं की नाही?"

"सांगितला व्हता."

"मग?"

"बायकांच्या गाठी बाटलीत पडून व्हत्या, म्याडम. कॅन्सर हाय का काय, बगायला मेन नव्हता."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मेमो तो देना पडेगा." आणि मला, "तो कोपरा काप. आजच."

मेमो दिला. मावशींनी तो घडी करून किल्ल्यांच्या डब्यात ठेवला.

आम्ही तीन कोपरे घेतले काळ्या धाग्याच्या ब्लॉकांचे, तीन लाल-हिरव्या धाग्यांचे. प्रत्येक कापाला नवं पातं, मधे मधे नव्या मेणाचा कोरा ठोकळा कापून यंत्र साफ. वीस दिवसांनी फिल्म आली. लाल-हिरव्यांच्या ओळी कोऱ्या. काळ्या धाग्यांच्या नुसत्या मेणात मात्र तोच नमुना, जो सात ब्लॉकांत होता. सरांनी फोनवर सगळे नंबर पुन्हा वाचून घेतले. मग म्हणाले, "ती बाई कोण आहे म्हणालीस?"

पेपर हातचा गेला. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून आलं नव्हतं. मेण दोषी ठरलं एवढंच. मांसाच्या आत खरंच कुठला जंतू आहे, हे बघायचं राहिलंच होतं.

यावेळी तासायला मावशी बसल्या. भोवतीचं सगळं मेण काढायचं, मांसाचा वरचा पापुद्रा खरवडून टाकायचा, धुवायचं, नव्या मेणात बसवायचं आणि गाभ्यातूनच काप घ्यायचे. महादूंच्या आतड्याचा तुकडा बराच मोठा होता. तो पहिल्याच खेपेला वाचता आला, मेणातल्या नमुन्याहून वेगळा, स्वच्छ. मावशींच्या ओळीत काहीच उमटलं नाही. पूर्ण कोरी.

"म्हंजे मना टीबी नव्हताच?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही दोघी हसलो, कारण त्यांच्या मानेवर बोटभर व्रण होता.

"गाठीत जंतू मुळात थोडे असतात. दहा वर्षांत डीएनए तुटतो. अजून जास्त काप घ्यावे लागतील. पण मावशी, तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा उरलाय. घेतला तर संपेल. परत कधीच तपासता येणार नाही."

"आनि न्हाय आला तर?"

"तर कायमचं कळणार नाही."

मावशींनी ब्लॉक उजेडात धरला. आत पिवळसर ठिपका. "माझा माझ्याकडं ठेवून मी काय पूजा करनार हाय का? संपव."

त्यांनीच चाक फिरवलं. मी काप चिमट्याने उचलून नळीत टाकत होते. शेवटी नुसतं मेण यायला लागलं. त्यांनी पातं काढलं, पुसलं आणि डब्यात टाकलं.

या वेळी फिल्म घेऊन मी सोमवारी सकाळी मुंबईहून आले. मावशी ओव्हनपाशी होत्या. मी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली. दोन ओळी एकाखाली एक. वरची महादूंची, खालची त्यांची. खालची फिकट होती, पण दोन वेळा लावलेली आणि दोन्ही वेळा तशीच. मावशींनी चष्मा लावला. कांड्या भरताना सुताचा तुटलेला धागा शोधत असतील तसं त्या बोट फिरवत गेल्या. वरच्या ओळीत चार ठिकाणी एकापुढे एक कोरं, खाली तिथे काळं. खाली शेवटाकडे मोठी पोकळी, वर तिथे भरलेलं.

"ह्यो आनि ह्यो एक न्हाय," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आनि मेनातला?"

"तो तिसराच."

त्या स्टुलावर बसल्या. डॉक्टर मोमीन आल्या, त्यांनी फिल्म बघितली, मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि कागद लिहायला गेल्या. मराठीत, साध्या शब्दांत: या दोन ब्लॉकांमधले क्षयाचे जंतू वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. खाली सही, शिक्का.

"तू येशील का घरी?" मावशींनी विचारलं. "मी सांगितला तर बोलंल, आय बनवून सांगते."

रविवारी मी शेलारला गेले. मनोज गोदामात सुपरवायझर होता, सुट्टीच्या दिवशीही गळ्यात ओळखपत्र. सून ऋतिकाने चहा टाकला. भाविक मला बघून दाराआड गेला आणि तिथून जीभ दाखवत राहिला. मनोजने कागद वाचला, मागे उलटून बघितला, परत वाचला.

"म्याडम, एक विचारू? आधी आय बोलली सारखा आला. आता वेगळा आला. तिसऱ्यांदा लावला तर काय येईल?"

प्रश्न रास्त होता. मी मेणाचं, चुऱ्याचं सांगायला लागले, डीएनएच्या प्रतींपर्यंत पोचले, आणि त्याचा चेहरा कोरा होत गेला. मावशी मधेच म्हणाल्या, "काल कढईत बोंबील तललास. आज त्याच तेलात पुरी सोडलीस. पुरीला वास कसला येनार?"

"बोंबलाचा."

"मंग पुरीनं बोंबील खाल्ला का?"

ऋतिका आत हसली. मनोजही हसला असता, पण त्याने आवरलं. "म्हंजे पहिल्यांदा तेलाचा वास आला."

"तेलाचा. माझ्या चुकीचा. मेमोपन हाय, दाखवू?"

"मग बाबांना कुठून लागला?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "ते माहीत नाही," मी म्हटलं. "कळणारही नाही. कारखान्यातून असेल, कुठूनही. यांच्याकडून नाही, एवढंच सांगता येतं."

"म्हंजे अर्धीच गोष्ट."

"अर्धी तर अर्धी," मावशी म्हणाल्या. "माझ्या नावची अर्धी संपली. उरलेली तू शोध."

मनोजने कागदाची घडी केली, उघडली, परत केली. माफी वगैरे त्या घरात कुणी मागितली नाही, आणि मावशी त्यासाठी थांबल्याही नव्हत्या. त्या उठल्या. पिशवीतून तांब्या काढला, गळ्याचा काळा दोरा नखाने उचलून दातांनी तोडला. घट्ट बसला होता, स्टीलवर त्याची रेघ पडली होती. त्यांनी तांब्या राखेने घासला, खूप वेळ, रेघ जाईपर्यंत, आणि मांडणीवर ठेवला. मांडणीवर तसेच चार तांब्ये होते, ऋतिकाच्या लग्नात आलेले. मावशींनी पाचही उचलून पुन्हा मांडले, इकडचे तिकडे.

मनोज बराच वेळ तिकडे बघत होता. मग उठून मांडणीपाशी गेला.

"तुझा कंचा?"

"शोध."

त्याने एक उचलला, बूड बघितलं, खाली ठेवला. दुसरा उचलला. दाराआडून भाविक पुढे आला आणि बापाच्या पायाला धरून वर बघत म्हणाला, "बाबा, पानी." मनोजच्या हातात जो तांब्या होता तोच त्याने माठात बुडवला.